चार अधिक पाच

तारमास्तरांच्या घरी फोन होता, पण तो कधीच कोणी उचलत नसे.

हे ऐकून कोणी म्हणेल, माणसं माणूसघाणी असतील. मुळीच नाही. मास्तरांची बायको तर इतकी बोलकी, की विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही खुर्ची देऊन त्याच्या सासूच्या गुडघेदुखीपर्यंत सगळी चौकशी करी. पण फोन वाजला की ती हातातलं काम टाकून फोनसमोरच्या स्टुलावर बसे आणि पेन्सिलीने कागदावर एकेक रेघ ओढी. घंटी थांबली की रेघा मोजायच्या, भिंतीवरच्या कोष्टकात बघायचं आणि कळलं म्हणून मान हलवून पुन्हा कामाला लागायचं. परक्या माणसांनी सुरुवातीला दोनचारदा फोन करून पाहिला आणि मग नाद सोडला. काम असलं की ती सरळ जिना चढून येत.

कोष्टक मास्तरांच्या हातचं. मास्तरांनी तारखात्यात पस्तीस वर्षं काढली होती. लोकांचे जन्म, मृत्यू, बढत्या, रुसवेफुगवे, सगळं शब्दामागे अमुक पैसे या दराने त्यांच्या बोटांखालून गेलं होतं. 'सुखरूप पोहोचलो, काळजी नसावी' असं लिहून आणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते खिडकीतून सांगत, "सुखरूप नसता तर तार कशी केली असती? 'पोहोचलो' पुरे." गिऱ्हाईक खूश होऊन जाई. निवृत्त होताना खात्याने घरी फोन बसवून दिला आणि मास्तरांना आयुष्यातला सर्वांत मोठा शोध लागला. सार्वजनिक फोनमध्ये नाणं टाकायचं, नंबर फिरवायचा; पलीकडे कोणी उचलला तरच नाणं पोटात जातं, नाहीतर खालच्या वाटीत परत येतं. म्हणजे घंटी फुकट. आणि घंटी फुकट मिळत असताना शब्द विकत घेणारा माणूस मास्तरांच्या मते शुद्धीवर नव्हता.

एक घंटी म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे सगळं ठीक. तीन म्हणजे उशीर होईल, जेवून घ्यावे. सात म्हणजे 'किल्ली माझ्याच खिशात राहिली', आणि खरं सांगायचं तर सर्वांत जास्त उपयोग सातचाच होई. नऊ म्हणजे 'वाईट. ताबडतोब निघा.' अकरा वर्षांत नऊ एकदाही वाजली नव्हती.

"मग ती ठेवता कशाला?" बायको विचारी. "बघून पोटात गोळा येतो."

"कोष्टक पुरं हवं," मास्तर म्हणत.

कोष्टकाखाली एक तळटीपही होती: 'घंटी मध्येच तुटल्यास उरलेल्या घंट्या एका मिनिटाच्या आत वाजवाव्यात. घेणाराने दोन्हींची बेरीज धरावी.' लाइन जुनी होती, वरचेवर तुटायची, म्हणून ही सोय. ही टीप वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावी. लिहिणाऱ्याने ठेवली नाही, त्याचीच ही गोष्ट.

मास्तरांच्या छातीवरच्या खिशात कडेला खाच पडलेलं एक नाणं असे. अकरा वर्षं तेच एक नाणं गावोगावच्या फोनमध्ये जात होतं आणि इमानाने परत येत होतं. सख्ख्या भावाने इतकी साथ दिली नाही, असं मास्तर म्हणत, आणि ते खरंच होतं.

या सगळ्या व्यवस्थेवर राग धरून बसलेला एकच माणूस होता, खालच्या मजल्यावरचा शिंपी. फोन आला त्याच आठवड्यात तो पडद्यांची मापं घ्यायला वर आला होता. मास्तर पहिली चाचणी घ्यायला कोपऱ्यावरच्या फोनवर गेले होते. घंटी वाजली, बायको रेघा ओढायला बसली, आणि शिंप्याने गळ्यातली टेप सावरत मोठ्या मदतीच्या भावनेने फोन उचलून सांगितलं, "हॅलो, मास्तर बाहेर गेलेत." मास्तरांचं त्या वेळचं नाणं गेलं ते गेलंच. ते तणतणत घरी आले. शब्दाने शब्द वाढला. "वाजणारा फोन उचलायचा नाही तर काय त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं?" असं शिंपी म्हणाला, आणि ते मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं, कारण घरात नेमकं तेच चालायचं. बोलणं बंद झालं. त्या दिवसापासून मास्तरांच्या पँटी गावाच्या दुसऱ्या टोकाला शिवल्या जाऊ लागल्या आणि कंबरेत कायम दोन बोटं सैल राहू लागल्या. मास्तर पट्टा आवळत, पण शिंप्याचा उंबरा चढत नसत.

तर आता मास्तरांच्या लेकीला लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस राहिले होते. ती दूरच्या शहरात, बसने पाच तासांवर. बाळंतपणाला आई जाणार हे ठरलेलंच होतं. तिने लोकरीचं टोपडं विणून ठेवलं होतं, बॅग महिनाभर आधी भरली होती. मास्तरांनी आपल्या परीने तयारी केली, म्हणजे कोष्टकाला पुरवणी लिहिली: चार म्हणजे मुलगा, पाच म्हणजे मुलगी, सहा म्हणजे अजून काही नाही. ही पुरवणी भिंतीवर चिकटवायला बायको त्याच स्टुलावर चढली, घसरली, आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घालून खाटेवर बसली. पुरवणी मात्र अगदी सरळ रेषेत चिकटली होती.

म्हणून मास्तर निघाले. बाळंतपणात ज्याचा काडीचा उपयोग नाही असा माणूस शोधायचा तर यांच्यापलीकडे जायची गरज नव्हती.

"अहो, नीट कळवा हं," बायको दारात कुबडीवर उभी राहून म्हणाली. "माझा जीव टांगणीला लागलेला असेल. आठ वर्षांनी होतंय पोरीचं."

"पुरवणीत सगळं आहे," मास्तर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दहाला पाच कमी असताना, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक दार उघडलं आणि नर्स बाहेर आली. बाकावर मास्तर ताठ बसले होते आणि शेजारी जावई त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. तो बेकरीत रात्रपाळीला भट्टीवर असे आणि सकाळी दहा वाजता कुठेही झोपू शके.

"आजोबा, दोघं आहेत," नर्स म्हणाली.

"हो, हा माझा जावई," मास्तर म्हणाले.

"बाळं दोन आहेत. एक मुलगा, एक मुलगी. आई अगदी ठणठणीत आहे."

जावई खडबडून जागा झाला, उठून उभा राहिला, पुन्हा बसला आणि रडायला लागला. मग डोळे पुसत त्याने कबुली दिली, की जुळं आहे हे डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. आई काळजीने अर्ध्या होतील म्हणून लेकीनेच घरी कळवू दिलं नव्हतं.

मास्तर आत गेले. लेक उशीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले, चेहरा थकलेला आणि लख्ख. तिच्या दोन्ही बाजूंना दोन गाठोडी. एकाने मूठ गालावर दाबून धरली होती. दुसरीने डोळे उघडून मास्तरांकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या अर्जात काहीतरी चूक आहे. मास्तरांना बोलायचं होतं पुष्कळ. ते म्हणाले, "छान."

"बाबा, आईला सांगा लगेच."

"आत्ता जातो."

ते दारापर्यंत पोहोचले तोवर मागून लेक म्हणाली, "सांगा हं, बाबा. वाजवू नका."

मास्तरांनी मान डोलावली. पण ती कानाआड केल्याचीच मान होती.

फोन खालच्या मजल्यावर, जिन्याखाली, वजनकाट्याच्या शेजारी होता. लाल रंगाचा, भिंतीला ठोकलेला, आणि त्याच्या आजूबाजूच्या चुन्यावर लोकांनी पेन्सिलीने लिहिलेले नंबर. दिव्याखाली एक मोठं घड्याळ. मास्तर पोहोचले तेव्हा फोन मोकळाच होता, पण त्यांच्या पाठोपाठ दोन माणसं रांगेला लागली: डाव्या हाताला बँडेज बांधलेला, केसांत सिमेंटची पूड असलेला एक गवंडी, आणि थर्मास छातीशी धरलेल्या एक आजी.

मास्तरांनी रिसीव्हर उचलला आणि थबकले. दोन बाळांची सोय पुरवणीत नव्हती. दुसऱ्या कोणी अशा वेळी हात टेकले असते, पण पस्तीस वर्षांचा अनुभव कुठे जातो? त्यांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. नाणं टाकलं, नंबर फिरवला, चार घंट्या मोजल्या, ठेवला. नाणं टणकन वाटीत आलं. तेच उचलून लगोलग पुन्हा टाकलं, पुन्हा नंबर फिरवला, पाच घंट्या, ठेवला. नाणं परत.

इतकं सुंदर काम झाल्यावर ते कोणाला तरी दाखवल्याशिवाय राहवत नाही. मास्तर वळून गवंड्याला म्हणाले, "जुळं झालं लेकीला. दोन बातम्या कळवल्या आणि खर्च शून्य." मग त्यांनी त्याला घंट्यांची सगळी पद्धत समजावून सांगितली. गवंडी लक्ष देऊन ऐकत होता. विटा मोजण्यात त्याचा जन्म गेला होता.

"म्हणजे नऊ," तो म्हणाला.

"नऊ कुठली? चार आणि पाच."

"तेच म्हणतोय मी, काका. चार आणि पाच. नऊ झाल्या ना."

मास्तरांना हसू आलं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं, कारण त्याच वेळी त्यांना आपल्याच वळणदार अक्षरातली तळटीप डोळ्यांसमोर दिसली. एका मिनिटाच्या आत. दोन्हींची बेरीज धरावी. त्यांनी भिंतीला हात टेकला.

घरी काय झालं असेल हे त्यांना लख्ख दिसलं. बायकोने चार रेघा ओढल्या असतील, घंटी तुटली म्हणून पेन्सिल हातातच धरून ठेवली असेल, मग पाच ओढल्या असतील. टीप तिला पाठ होती. मास्तरांपेक्षा तिलाच सगळं जास्त पाठ होतं. नऊ. वाईट. ताबडतोब निघा. ती कोणालाही विचारणार नाही. भरलेली बॅग घेईल आणि अकराची बस पकडायला निघेल, प्लॅस्टरचा पाय घेऊन, एकटी, त्या उभ्या जिन्यावरून. आणि प्रत्येक पायरीला तिला वाटत असेल की आपली लेक गेली.

"काका, बसा जरा," गवंडी म्हणाला.

मास्तर बसले नाहीत. त्यांनी नाणं टाकलं, नंबर फिरवला आणि वाजू दिलं. पाच. सहा. दहा. अकरा. "उचल गं," ते पुटपुटले. पंधरा. "अगं, एकदा उचल." वीस झाल्या. कोणी उचलला नाही. त्यांनी ठेवला, नाणं आलं, पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"घरी नाहीत का कोणी?" गवंड्याने विचारलं.

"आहे."

"मग उचलत का नाहीत?"

"उचलायचा नाही असा नियम आहे."

"कोणाचा?"

"माझा," मास्तर म्हणाले.

गवंडी मोठा समजूतदार माणूस असावा. त्याने नुसतं घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

रिसीव्हर कानाशी धरून घंट्या ऐकता ऐकता मास्तरांना मध्येच एक जुनी गोष्ट आठवली. फोन आला त्या वर्षी लेक एकोणीस वर्षांची होती आणि शिकायला म्हणून पहिल्यांदाच घराबाहेर राहिली होती. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी फोन वाजला तो चाळीस वेळा. बायकोने चाळीस रेघा ओढल्या आणि ती रडवेली होऊन म्हणाली, "अहो, उचलू का?" मास्तर म्हणाले, "तिचं नाणं जाईल." दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला पोस्टकार्ड टाकलं: 'चाळीस हा आकडा कोष्टकात नाही. खुलासा करावा.' लेकीने खुलासा कधी केला नाही, आणि मास्तरांनी ती गोष्ट कित्येक वर्षं हसून लोकांना सांगितली. आज जिन्याखाली उभं राहून त्यांना चाळीसचा अर्थ कळला, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

"शेजारीपाजारी कोणाकडे फोन नाही का?" थर्मासवाल्या आजींनी विचारलं. त्यांनी एव्हाना थर्मास वजनकाट्यावर ठेवून या प्रकरणात पूर्ण लक्ष घातलं होतं.

"आहे. खाली शिंप्याकडे."

"मग करा की त्याला."

"आमचं बोलणं नाही."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं."

"मग पुष्कळ झालं," आजी म्हणाल्या. "नंबर माहीत आहे का?"

नंबर मास्तरांना तोंडपाठ होता. शिंप्याने तो दुकानाच्या पाटीवर पिवळ्या रंगात, हातभर उंचीच्या आकड्यांत रंगवला होता, आणि मास्तर रोज दोनदा तोंड फिरवून त्या पाटीखालून जात. तोंड फिरवायचं तर काय फिरवतोय ते आधी बघावंच लागतं.

त्यांनी खाच पडलेलं नाणं पुढे केलं, पण गवंड्याने त्यांचा हात बाजूला सारून स्वतःचं नाणं आत टाकलं. "तुमचं राहू द्या, काका. त्याला परत यायची सवय आहे, ऐन वेळी नखरे करेल."

दुसऱ्याच घंटीला पलीकडे उचलला गेला. खट्‌ असा आवाज होऊन गवंड्याचं नाणं पोटात गेलं, आणि मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज गोड लागला.

"बोला," शिंपी म्हणाला. मागे शिवणयंत्राचा आवाज येत होता.

"मी बोलतोय. वरचा."

यंत्र थांबलं.

"वरचा कोण?" शिंप्याने विचारलं. त्याला आवाज बरोबर ओळखू आला होता, पण अकरा वर्षांनी मिळालेली संधी माणूस अशी सोडत नाही.

"तारमास्तर."

"अरे वा. आज घंटीवर भागलं नाही वाटतं?"

"नाही भागलं," मास्तर म्हणाले. "माझं चुकलं. तेव्हाचंही चुकलं आणि आजचंही चुकलंय. तेव्हाचं मी येऊन बोलतो, पण आत्ता आधी वर जा. ही जिना उतरायला बघेल. तिला सांगा, सगळं ठीक आहे, पोरगी ठीक आहे, नऊ वाजलीच नाही."

शिंप्याने पुढचं ऐकलं की नाही कळलं नाही. रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, खुर्ची पडल्याचा आला, आणि मग लांबून त्याचा ओरडा: "वहिनी! थांबा तिथेच! अहो, हलू नका, पोरगी ठीक आहे, सगळं ठीक आहे म्हणतायत!" मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आजींनी त्यांच्या कोपराला धरलं. शिंप्याच्या दुकानात घड्याळ टिकटिकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

मग धापा टाकत शिंपी परत आला.

"बसून बसून उतरत होत्या," तो म्हणाला. "चौदापैकी तीन पायऱ्या झाल्या होत्या. बॅग आधीच खाली सोडून दिली होती, ती माझ्या दारात येऊन आपटली, मला वाटलं मांजर पडलं. आता मी आणि आमची ही त्यांना धरून वर नेतो. तीनच पायऱ्या आहेत."

"शिंपीदादा, तिला सांगा की—"

"मी काही सांगणार नाही. ठीक आहे एवढं सांगितलंय. बाकीचं तुमचं तुम्ही सांगा, मी काय तुमचं तारखातं आहे का? पाच मिनिटांनी वर फोन लावा. मी त्यांना उचलायला लावतो." ठेवता ठेवता त्याने विचारलं, "आणि मास्तर, कंबर किती आहे हल्ली?"

"चौतीस."

"दिसतं लांबून. आल्यावर या."

पाच मिनिटं म्हणजे किती असतात ते त्या दिवशी मास्तरांना समजलं. गवंड्याने रांगेतला आपला नंबर त्यांना देऊन टाकला होता. तो बायकोला फक्त एवढंच सांगणार होता की हात मोडला नाही, नुसता कापलाय, आणि ते त्याच्या मते दुपारीही तितकंच खरं राहणार होतं. आजींनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून मास्तरांना दिला. रांगेत आणखी तिघं आले, त्यांना गवंड्याने हळू आवाजात सगळी हकीगत सांगितली, आणि तेही घड्याळाकडे बघत उभे राहिले. "आता," आजी म्हणाल्या.

मास्तरांनी खिशातून नाणं काढलं. अंगठ्याने खाच चाचपली आणि आत टाकलं. नंबर फिरवताना एकदा बोट घसरलं, पुन्हा पहिल्यापासून फिरवला.

एक. दोन. तीन. मास्तर सवयीने मोजत होते. चौथी अर्ध्यावर तुटली आणि खट्‌ असा आवाज होऊन अकरा वर्षांचं नाणं पोटात गेलं.

पलीकडे कोणीच बोलेना. फक्त श्वास ऐकू येत होता. लांबून शिंप्याचा आवाज आला, "वहिनी, उलटा धरलाय."

खडखड झाली. मग बायको म्हणाली, "अहो?"

मास्तरांचं तोंड उघडलं आणि पस्तीस वर्षांची सवय बाहेर पडली. "मुलगा. मुलगी. दोन्ही. सुखरूप."

"अहो, काय म्हणताय? नीट सांगा ना."

"जुळं झालं," मास्तर म्हणाले. "अगं, जुळं झालं आपल्या पोरीला. एक मुलगा आणि एक मुलगी. ती छान आहे, बसली आहे, हसते आहे. नऊ मी वाजवली नाही, चार आणि पाच वाजवली, गाढव आहे मी."

"दोन?" बायको म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "दोन टोपडी कुठे आहेत माझ्याकडे? एकच विणलंय." मग ती रडली, आणि रडता रडता हसायला लागली. "मला वाटलं गेली माझी पोर. आणि तुम्ही वर वाजवताच आहात, वाजवताच आहात. मला वाटलं, घाई करताय. म्हटलं, येतेय की हो, पाय एकच आहे मला."

गवंड्याने खूण केली: बोला, बोला. आणि मग मास्तर जे सुटले ते सुटलेच. मुलाने मूठ गालावर कशी दाबून धरली होती ते सांगितलं. मुलगी तुझ्यासारखी बघते, अगदी मी किल्ली विसरल्यावर तू बघतेस तशी, हे सांगितलं. लेकीचे केस, जावयाचं रडणं, नर्सला दिलेलं उत्तर, गवंडी, आजी, चहा. एका शब्दात काम भागेल तिथे त्यांनी दहा वापरले आणि तेच पुन्हा सांगितलं. चाळीस घंट्यांचंही सांगितलं. "पोरीला नुसता आपला आवाज ऐकायचा होता गं," ते म्हणाले. "मी उचलू दिला नाही तुला."

"मला माहीत होतं ते," बायको म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या कोष्टकात कुठे होतं?"

मास्तरांनी भिंतीवरच्या नंबरांकडे बघितलं. आजूबाजूचे सगळे शहाण्यासारखे दुसरीकडे बघत होते.

"अहो," बायको म्हणाली, "तुमचा आवाज फोनवर असा येतो?"

"कसा?"

"बरा येतो. जरा तरुण वाटतो. छत्तीस वर्षं झाली लग्नाला, मी कधी ऐकलाच नव्हता." मग ती म्हणाली, "पुन्हा सांगा ना. अगदी पहिल्यापासून. नर्स बाहेर आली, तिथपासून."

"नर्स बाहेर आली," मास्तरांनी सुरुवात केली, आणि एका नाण्याची तीन मिनिटं संपून फोन बंद झाला.

त्यांनी रिसीव्हर ठेवला. बोट सवयीने खालच्या वाटीत गेलं. वाटी रिकामी होती. मास्तरांनी ती दोनदा चाचपली आणि मग मोठ्याने हसले, इतके की वजनकाट्यापाशी उभं राहून आपलं वजन वाचणारा एक माणूस दचकून खाली उतरला.

ते वळले तेव्हा रांगेतल्या प्रत्येकाचा हात पुढे होता आणि प्रत्येक हातात एक नाणं होतं. मास्तरांनी आजींचं घेतलं. नंबर फिरवला, रिसीव्हर कानाला लावला आणि सवयीने मोजायला 'एक' म्हणून तोंड उघडलं.

पण ती एक घंटीसुद्धा पुरी वाजली नाही.